गायक-वादकांचे जन्मदिनविशेष: तारीख कशी पारखावी आणि चार ओळींत कारकीर्द कशी मांडावी

आपला प्रश्न मला समजला तो असा. नाशिकमधील आपल्या वसाहतीच्या वाचनालयाबाहेर जो फलक आहे, त्यावर वर्षभर रोज एका गायकाचे, वादकाचे किंवा संगीतकाराचे नाव, जन्मतारीख आणि चार ओळींत कारकीर्द लिहावी, असे आपल्या मंडळाने ठरवले आहे. फलक वाचणाऱ्यांत निवृत्त मंडळीही आहेत आणि महाविद्यालयात जाणारी मुलेही, म्हणून नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, शाहिरी आणि हिंदी चित्रपटसंगीत यांच्याबरोबर जॅझ आणि रॉकही हवे आहे. मात्र एकाच कलावंताच्या दोन-दोन तारखा समोर येतात, तेव्हा कोणती धरावी आणि टिपणात काय ठेवावे, असा पेच आहे. नमुन्यादाखल आपण पंडित द. वि. पलुसकरांचे टिपण दिले आहे: ‘थोर शास्त्रीय गायक. मधुर आवाजाचे धनी. अनेक मैफली गाजवल्या. अल्पायुषी ठरले.’

मी नाशिकमध्ये सुगम संगीताच्या आणि वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांचे निवेदन करते. जयंती-पुण्यतिथीच्या निमित्ताने होणाऱ्या कार्यक्रमांत पहिले वाक्य बहुधा तारखेचेच असते आणि समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी एखाद्याला ती तारीख माझ्यापेक्षा नेमकी ठाऊक असते. त्यामुळे तारखा पारखण्याची जी रीत माझ्या कामातून बसत गेली, तीच येथे सांगते.

दोन तारखांपैकी खरी कोणती, हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी, ही तारीख पहिल्यांदा कोणी, कधी आणि कशासाठी नोंदवली, हे विचारावे लागते. दहा ठिकाणी एकच तारीख दिसली म्हणजे दहा पुरावे झाले असे होत नाही. बहुतेक वेळा ते एकाच विहिरीचे पाणी दहा घागरींत भरलेले असते. शिवाय नोंद कोणत्या प्रकारची मिळेल, हे बऱ्याच अंशी त्या कलावंताच्या संगीतप्रकारावर अवलंबून असते. कीर्तनकार-गवयांच्या घरी पंचांगातली तिथी लक्षात ठेवली जाई, तमाशाच्या फडावर वाढलेल्या मुलीची जन्मनोंद करायला कोणाला सवड नसे, चित्रपटाच्या गायकांच्या तारखा मासिकांनी छापून रूढ केल्या आणि पाश्चात्त्य कलावंतांच्या बाबतीत चर्चमधील बाप्तिस्म्याची वही किंवा नगरपालिकेचा दाखला सापडू शकतो. म्हणून सर्वांना एकच कसोटी लावून चालत नाही.

सुरुवात पंचांगापासून करू, कारण जुन्या मराठी कलावंतांच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ तेथे होतो. चरित्रांत ‘शके अमुक, श्रावण शुद्ध पौर्णिमा’ अशी नोंद असते आणि कोणीतरी तिचे इंग्रजी तारखेत घाईने रूपांतर केलेले असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे निसटते आणि पौष-माघ-फाल्गुनातील जन्म एका वर्षाने मागे जातो. विक्रम संवतातून ५७ वजा करतात. तेथेही १ जानेवारीपासून ५६ वजा करावे लागतात. दुसरी अडचण महिन्याच्या नावाची आहे. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून आपली श्रावण वद्य अष्टमी ही तिकडची भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. उत्तरेकडील एखाद्या उस्तादांची किंवा पंडितांची वद्य पक्षातली तिथी मराठी पंचांगातून बदलून घेतली, तर तारीख थेट महिनाभराने चुकते. तिसरी गोष्ट म्हणजे पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. पहाटे तीन वाजता जन्मलेल्या मुलाचा वार आणि तिथी घरात आदल्या दिवसाची धरली जाते, तर सरकारी दाखल्यात मध्यरात्रीनंतरची तारीख पडते. एका दिवसाचा फरक दिसला की मी सर्वप्रथम ही शक्यता तपासते.

द. वि. पलुसकरांचे वडील पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे उदाहरण पाहा. कुरुंदवाड येथे शके १७९४ च्या श्रावणी पौर्णिमेला त्यांचा जन्म झाला. श्रावण असल्याने ७८ मिळवावयाचे, म्हणजे १८७२. पंचांग पडताळले की १८ ऑगस्ट १८७२ ही तारीख येते आणि प्रचलित तारीखही तीच आहे. तिथी आणि तारीख दोन्ही एकमेकींना दुजोरा देत असतील, तर मी निश्चिंतपणे लिहिते. मात्र फलक तारखेने चालवावयाचा की तिथीने, हे एकदाच ठरवून घ्या, कारण नारळी पौर्णिमा दर वर्षी निराळ्या तारखेला येते. आपला फलक इंग्रजी तारखेचा असल्यामुळे १८ ऑगस्ट घ्यावा आणि टिपणात ‘श्रावणी पौर्णिमा’ असा उल्लेख करावा, म्हणजे तिथी मानणाऱ्यांनाही ते आपले वाटेल. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण, ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना, पुढे मुंबई आणि उत्तरायुष्यात नाशिकचा रामनाम आधाराश्रम, एवढ्या चार टप्प्यांत त्यांची कारकीर्द मावते. त्यांचे निधन २१ ऑगस्ट १९३१ रोजी झाले, म्हणजे जयंती आणि पुण्यतिथी तीन दिवसांच्या अंतरात येतात. एकाच टिपणात दोन्ही द्या, दोनदा नाव लावू नका.

लावणी, तमाशा आणि शाहिरी यांच्याकडे वळताना अधिक जपून राहावे लागते. जन्मनोंदीची सवय नव्हती त्या काळात मुलाला शाळेत घालताना गुरुजी वय पुरे पडेल अशा बेताने १ जून ही तारीख लिहून टाकीत, हे महाराष्ट्रातील घरोघरी ठाऊक आहे. म्हणून जुन्या पिढीतील एखाद्या कलावंताची जन्मतारीख १ जून दिसली, तर ती शाळेच्या दाखल्यावरची आहे की घरच्या आठवणीतली, हे विचारल्याशिवाय लिहू नये. अशा कलावंतांसाठी मी बहुधा पुण्यतिथी निवडते. कलावंताचा जन्म होतो तेव्हा त्याला कोणी ओळखत नसते, मृत्यू मात्र नाव झाल्यानंतर येतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याची नोंद होते. विठाबाई नारायणगावकरांचे नाव फलकावर आणावयाचे असेल, तर १५ जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन घ्या; त्यांचे निधन २००२ मध्ये झाले आणि राज्य शासनाचा तमाशातील जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्याच नावाने दिला जातो.

वामनदादा कर्डकांचे नाव मात्र नाशिकच्या फलकावरून कोणत्याही कारणाने गळू देऊ नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी आपल्याच जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी झाला आणि निधन १५ मे २००४ रोजी. स्वातंत्र्यदिनामुळे १५ ऑगस्टला फलकावर देशभक्तिपर गीतांचीच गर्दी होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार गाण्यांतून गावोगाव नेणारा हा लोककवी दर वर्षी बाजूला पडतो. शालेय शिक्षण न मिळालेला, मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झालेला माणूस हजारो गीते रचतो आणि गातो, ही ओळ त्या दिवशीच्या फलकावर असलीच पाहिजे.

चित्रपटसंगीतातील तारखा तुलनेने पक्क्या असतात. लता मंगेशकर २८ सप्टेंबर १९२९, आशा भोसले ८ सप्टेंबर १९३३, महंमद रफी २४ डिसेंबर १९२४, मुकेश २२ जुलै १९२३, राहुल देव बर्मन २७ जून १९३९, यांवर वेळ घालवण्याची गरज नाही. तेथे घोटाळा होतो तो ‘पहिले गाणे’ या दोन शब्दांपाशी. लताबाईंचेच पाहा. १९४२ मध्ये ‘किती हसाल’ या मराठी चित्रपटासाठी त्यांनी गाणे ध्वनिमुद्रित केले, पण ते चित्रपटात ठेवले गेले नाही. त्याच वर्षीच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये त्यांचे गाणे लोकांनी ऐकले. १९४३ च्या ‘गजाभाऊ’ या मराठी चित्रपटात त्या हिंदी गीत गायल्या, आणि हिंदी चित्रपटासाठी पार्श्वगायन केले ते त्यानंतर ‘आप की सेवा में’ या चित्रपटात. चारही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून ‘पहिले गाणे’ असे मोघम न लिहिता ‘पहिले ध्वनिमुद्रण’, ‘पहिले प्रदर्शित मराठी गीत’ किंवा ‘हिंदी चित्रपटासाठी पहिले पार्श्वगायन’ असे नेमके लिहावे. फलकावरची अर्धी भांडणे तेथेच मिटतात.

जुन्या तबकड्या हा चांगला पुरावा असतो, परंतु तोही वाचता यावा लागतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या लेबलावर गायकाचे नाव, चित्रपटाचे नाव आणि क्रमांक असतो. ध्वनिमुद्रणाचे वर्ष बहुधा नसतेच, ते कंपनीच्या सूचीवरून ताडावे लागते. नावावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. १९४९ च्या ‘महल’मधील ज्या गाण्याने लता मंगेशकरांचे नाव घरोघरी पोहोचले, त्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून पडद्यावरील पात्राचे, म्हणजे ‘कामिनी’ हे नाव छापलेले होते. जन्मनाव आणि प्रचलित नाव वेगळे असेल तर तेही टिपणात द्यावे: सुधीर फडक्यांचे मूळ नाव रामचंद्र, किशोरकुमारांचे आभासकुमार, कुमार गंधर्वांचे शिवपुत्र. सी. रामचंद्र म्हणजेच गायक चितळकर, आणि त्यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांब्याचा, हे तर नाशिककरांनी शेजारच्या घरची गोष्ट म्हणून सांगावे.

आता जॅझ आणि रॉक. येथे कागदपत्रे अधिक मिळतात, म्हणून तारीख पक्की असेलच असे नाही. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग आयुष्यभर आपला जन्म ४ जुलै १९०० चा सांगत. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि नव्या शतकाचा उंबरठा, अशी ती तारीख सर्वांना आवडली आणि तिच्यावरूनच सत्काराचे सोहळे झाले. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९८० च्या दशकात न्यू ऑर्लीन्समधील एका चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांची नोंद सापडली, तिच्यात जन्मतारीख ४ ऑगस्ट १९०१ अशी होती. जन्मानंतर लगेच, वेगळ्या कारणासाठी आणि तिऱ्हाइताने केलेली नोंद ही स्वतः कलावंताच्या सांगण्यापेक्षाही वजनदार ठरते, हे या एका उदाहरणाने मला पटवले आहे. कलावंताचे म्हणणे खोटे होते असा त्याचा अर्थ नव्हे. आपल्या जन्माची तारीख प्रत्येकाला ऐकूनच कळलेली असते.

याउलट, काही वेळा कलावंत जाणीवपूर्वक दुसरा दिवस निवडतो आणि तेव्हा त्याचा मान राखावा. तमिळ चित्रपटांचे संगीतकार इळैयराजा यांचा जन्म ३ जून १९४३ चा. परंतु तो तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री करुणानिधी यांचाही जन्मदिवस असल्याने त्यांच्याविषयीच्या आदरापोटी ते आपला वाढदिवस २ जूनला साजरा करतात. अशा वेळी फलक २ जूनलाच लावावा आणि कारण एका वाक्यात द्यावे.

सर्व काही तपासूनही काही वेळा दोन वेगवेगळी जन्मवर्षे उरतातच. किशोरीताई आमोणकरांचा जन्मदिवस १० एप्रिल याबद्दल मतभेद नाही, पण वर्ष कोठे १९३१ तर कोठे १९३२ छापलेले आढळते. अशा वेळी मी दिवस आणि महिना सांगते, वर्ष सांगत नाही, आणि नव्वदावी की एक्क्याण्णवावी जयंती या हिशेबात शिरत नाही. फलकावर जागा असेल तर दोन्ही वर्षे लिहिण्यासही हरकत नाही. रंगमंचावर तसे करता येत नाही, कारण श्रोता गाण्याची वाट पाहत असतो; फलक वाचणारा माणूस मात्र क्षणभर थांबू शकतो. वर्षांच्या हिशेबाबद्दल आणखी एक सांगते. जन्मशताब्दी वर्ष आपल्याकडे नव्याण्णव वर्षे पूर्ण झाली की सुरू होते आणि शंभराव्या जयंतीला संपते. सुधीर फडके, ग. दि. माडगूळकर आणि पु. ल. देशपांडे या तिघांचा जन्म १९१९ चा, अनुक्रमे २५ जुलै, १ ऑक्टोबर आणि ८ नोव्हेंबर. म्हणून त्यांची शताब्दी वर्षे २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये पूर्ण झाली.

मृत्यूच्या तारखा अधिक पक्क्या असतात असे वर म्हटले, त्याला अलीकडच्या काळाने एक अपवाद आणला आहे, तो म्हणजे घाई. उस्ताद झाकीर हुसेन यांच्या निधनाची बातमी १५ डिसेंबर २०२४ च्या रात्री आपल्याकडे पसरली, कुटुंबीयांनी ती नाकारली, आणि नंतर सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाल्याचे कुटुंबानेच जाहीर केले. तेथे तारीख १५ होती, येथे १६ उजाडली होती. निधनाचे ठिकाण जेथे असेल तेथील तारीख धरावी, म्हणजे १५ डिसेंबर. आणि कुटुंबाने सांगितल्याशिवाय कोणालाही श्रद्धांजली वाहू नये. त्याच न्यायाने, ‘वाढदिवस’ लिहिण्यापूर्वी कलावंत हयात आहे ना, हे त्याच दिवशी सकाळी पाहून घ्यावे. यादी वर्षभर आधी तयार केलेली असते आणि वर्ष मोठे असते.

आता चार ओळींच्या कारकिर्दीविषयी. आपण दिलेल्या टिपणातील प्रत्येक वाक्य खरे आहे, तरीही ते कोणत्याही गायकाला लागू पडते, हीच त्यातील उणीव आहे. ‘थोर’, ‘मधुर’, ‘गाजवल्या’ हे शब्द काढून त्यांच्या जागी ठिकाण, वर्ष आणि ऐकता येईल अशी एखादी गोष्ट ठेवली की टिपण त्याच माणसाचे होते. मी ते असे लिहीन: ‘दत्तात्रेय विष्णु पलुसकर, जन्म २८ मे १९२१, नाशिक. वडील विष्णु दिगंबर यांचे निधन झाले तेव्हा वय दहा वर्षे. पुढील तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे. १९३५ मध्ये जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गायन. १९५२ च्या “बैजू बावरा” चित्रपटातील स्पर्धेच्या प्रसंगात तानसेनाला उस्ताद अमीर खाँ यांचा आवाज आहे आणि बैजूला पलुसकरांचा. वयाची चौतीस वर्षे पूर्ण झाली असताना ऑक्टोबर १९५५ मध्ये निधन.’ हे वाचून एखादी मुलगी तो प्रसंग शोधून ऐकेल आणि आपल्या गावात जन्मलेला तो आवाज कसा होता हे तिला कळेल. त्यासाठीच हा फलक आहे, अशी माझी समजूत आहे.

पुरस्कारांची यादी मी देत नाही, फार तर एक शेवटी लिहिते. त्याऐवजी कारकिर्दीतील वळण शोधते. रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये, फारुख बलसारा या नावाने एका पारशी कुटुंबात झाला. परंतु मराठी वाचकाला जवळची वाटणारी गोष्ट ही की त्यांचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि तेथेच मुलांच्या वाद्यवृंदात ते पियानो वाजवू लागले. १९७० मध्ये ‘क्वीन’ या रॉक वाद्यवृंदाची सुरुवात, १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात गायन आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजी निधन. रॉक संगीताशी कधी संबंध न आलेले आजोबाही हे टिपण पाचगणीमुळे शेवटपर्यंत वाचतात.

संगीतप्रकारांची सरमिसळ करण्याची उत्तम संधी समान तारखा देतात. ४ ऑगस्ट हाच पाहा. आर्मस्ट्राँग यांची ती खरी जन्मतारीख आणि किशोरकुमारांचीही, खांडवा, १९२९. किशोरकुमारांच्या यॉडलिंगमागे, म्हणजे आवाज झटक्यात खालून वर पलटवत गाण्याच्या ढंगामागे, अमेरिकन गायक जिमी रॉजर्स यांच्यासारख्यांच्या तबकड्या होत्या, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात सांगितले जाते. आणि याच रॉजर्स यांच्या १९३० मधील एका ध्वनिमुद्रणात आर्मस्ट्राँग यांनी साथीला वाद्य वाजवले होते. दोन खंडांतील दोन माणसे एका तबकडीच्या अंतरावर येतात. मात्र केवळ तारीख एक आहे म्हणून दोन नावे शेजारी ठेवू नका. १ ऑक्टोबरला माडगूळकर आणि सचिन देव बर्मन, ७ एप्रिलला पंडित रविशंकर आणि जॅझ गायिका बिली हॉलिडे असे योग येतात. तेथे सांगण्यासारखा धागा नसेल, तर एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरे नाव लावावे.

वही कशी ठेवावी, हेही आपण विचारले आहे. प्रत्येक नावापुढे तारखेसाठी एक रकाना आणि ती कोठून घेतली यासाठी दुसरा रकाना ठेवा, आणि दुसरा रकाना रिकामा असेल तर ते नाव फलकावर जाऊ देऊ नका, एवढा एकच नियम पुरेसा आहे. हयात स्थानिक कलावंतांना प्रत्यक्ष भेटून विचारावे. जन्मवर्ष जाहीर करावयाचे की नाही, हा त्यांचा अधिकार आहे.

असे केल्यावर काही दिवस रिकामे राहतील. त्या दिवशी संशयास्पद नाव भरण्यापेक्षा घटनेची तारीख घ्या, कारण प्रसारणाच्या आणि कार्यक्रमांच्या तारखा जन्मतारखांपेक्षा खात्रीच्या असतात. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी: पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले, वर्षभर दर आठवड्याला एक असा संकल्प होता आणि त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे बावन्नाऐवजी छप्पन्न गीते झाली. २७ जानेवारी १९६३: दिल्लीत सी. रामचंद्र यांनी स्वरबद्ध केलेले ‘ऐ मेरे वतन के लोगो’ लता मंगेशकरांनी पंडित नेहरूंसमोर गायले. वर आलेल्या ५ मे १९०१ आणि १३ जुलै १९८५ या तारखाही अशाच कामी येतील. एवढ्यानेही वहीतली बरीच रिकामी पाने भरतील, आणि ती भरताना शंका आली, तर नाव, दोन्ही तारखा आणि त्या जेथे सापडल्या ते ठिकाण असे तिन्ही कळवा, म्हणजे मला पडताळता येईल.